पहिली फळी निवडताना

लाकडाची पहिली वस्तू करायला बसणारा माणूस आधी हत्यारांचा विचार करतो. रंधा कोणता घ्यावा, पटाशी किती रुंदीची हवी, करवतीचे दात बारीक असावेत की जाड, यात त्याचे आठवडे जातात. लाकूड मात्र तो अगदी शेवटी, घाईघाईने, वखारीत पुढ्यात येईल ते उचलून आणतो. हा क्रम उलटा असायला हवा असे माझे ठाम मत आहे. साध्या रंध्याने चांगल्या फळीवर नीटनेटके काम होते, पण ओल्या आणि पिळलेल्या फळीपुढे उंची हत्यारही हात टेकते. अशा वेळी नवशिका आपल्याच हाताला दोष देतो आणि काम सोडून देतो. पहिल्याच वस्तूत संपलेली सुतारकामाची हौस मी अनेकांच्या घरी पाहिली आहे. कोपऱ्यात पडलेल्या त्या अर्धवट वस्तू हातात घेऊन पाहाव्यात तर माप बरोबर असते, काटकोन बरोबर असतो आणि लाकूड चुकलेले असते.

म्हणून या प्रस्तावनेत हत्यारे जवळजवळ नाहीत. लाकूड कसे ओळखावे, कुठून घ्यावे, किती घ्यावे आणि घरी आणल्यावर त्याचे काय करावे, एवढाच तिचा विषय आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे, कारण लाकडाची निवड गावागणिक बदलते. हवा, झाडे, बाजार आणि कायदा, या चारही गोष्टी जागेला बांधलेल्या असतात. पहिली वस्तू म्हणून मी पाट धरला आहे. पाटाला लाकूड थोडे लागते, तो बिघडला तरी सरपणापलीकडे नुकसान नसते, आणि लाकडाचे जवळजवळ सगळे स्वभाव त्याच्या एका फळीत भेटतात.

डहाणूत रेल्वेच्या पश्चिमेला समुद्र, सुरूची झाडे आणि चिकूच्या वाड्या आहेत. पूर्वेला गंजाड, कासा, सायवनकडे आणि ईशान्येला तलासरी, उधव्याकडे निघाले की पानगळीचे जंगल लागते. त्यात साग आहे, पण केवळ साग नाही. ऐन, खैर, धावडा, हेदू, कळंब, तिवस, बिवळा, शिसव, शिवण, मोह अशी किती तरी झाडे आहेत, आणि इथल्या वारली माणसाला त्यांतल्या प्रत्येकाचे काम माहीत असते. मुसळाला खैर, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, नांगराला आणि गाडीला तिवस किंवा ऐन, घराच्या कुडाला कारवी. ज्या भिंतींवर वारली चित्रे निघाली त्या भिंतीही कारवीच्या काड्यांवर माती आणि शेण लिंपून केलेल्या. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ही चित्रे जगभर गेली, पण चित्रामागची भिंत कोणत्या झाडाची होती याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले.

ही जाण पुस्तकी नाही, म्हणून तिला कमी लेखू नये. वनशास्त्राचे ग्रंथ वेगळ्या भाषेत तेच सांगतात. धावडा चिवट आहे आणि झटका सोसतो, म्हणून तो दांड्याला योग्य. हेदूचा पोत इतका बारीक की त्याच्या फण्या आणि कापडगिरण्यांची बॉबिने होत. खैर इतका जड की त्याचा घनफूट सागाच्या दीडपट भरतो. शिवण हलकी, कापायला सोपी, आणि वाळताना फार कमी आकसते. नवशिक्याने यातून एक गोष्ट घ्यावी: महाग ते चांगले, कठीण ते चांगले, असा हिशोब लाकडात चालत नाही. कामाला साजेल ते चांगले. पाटाला खैर कशाला? करवत बोथट होईल, हात भरून येतील आणि शेवटी पाट उचलायला जड होईल.

चिकूबद्दल इथे थोडे विषयांतर करतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथे आपण त्याला फळझाड म्हणूनच ओळखतो. त्याचे मूळ गाव मध्य अमेरिका, आणि तिथल्या माया लोकांनी त्याच्या लाकडाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. ग्वातेमालातील तिकाल इथल्या देवळांच्या दारांवर आठव्या शतकात त्यांनी चिकूच्या लाकडाच्या कोरीव तुळया बसवल्या. पावसाळी अरण्यात हजार वर्षांहून अधिक काळ त्या टिकल्या. आपल्याकडे मे २०२१ मधल्या तौक्ते वादळासारख्या वाऱ्यापावसात वाड्यांतली झाडे पडतात आणि त्यांचे लाकूड बहुधा चुलीत जाते. पडलेल्या चिकूची चार फुटांची एखादी सरळ फांदी मिळाली तर ती जपून ठेवावी. पहिल्या पाटाला ती नको, फार कठीण आहे. पण हात बसल्यावर ठोकळ्याची मोगरी किंवा हत्याराची मूठ करायला तिच्याइतके चांगले लाकूड इथे क्वचित मिळेल.

आता सागाकडे येतो, कारण वखारीत पाऊल टाकताच पहिले नाव त्याचेच निघते. सागाची कीर्ती खरी आहे. त्याच्या पक्क्या लाकडात नैसर्गिक तेल असते, वाळवी त्याला सहसा धरत नाही आणि पावसापाण्यात तो फारसा हलत नाही. पण ही सगळी स्तुती झाडाच्या आतल्या, सोनेरी-तपकिरी, पक्क्या लाकडाची आहे. बाहेरचा पांढरट थर सागाचाच असला तरी त्याला कीड लागते आणि वाळवीही लागते. नैसर्गिक जंगलातल्या जुन्या झाडात पांढरे लाकूड थोडे असते; बांधावर किंवा लागवडीत लवकर तोडलेल्या झाडात ते पुष्कळ असते. बाजारात स्वस्त साग म्हणून जे मिळते ते बऱ्याचदा हेच. इक्वेडोर, घाना, कोस्टा रिका, टांझानिया अशा देशांतूनही लागवडीचा साग भारतात येतो. तो वाईट असतो असे नाही, पण फळीची टोके पाहिल्याशिवाय त्याचा भाव करू नये. साग हत्यारालाही त्रास देतो: त्यात वाळूसारखे सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि रंध्याचे पाते लवकर बोथट होते. त्याच्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही, म्हणून जोडायची बाजू ताजी रंधून, स्पिरिटने पुसून लगेच चिकटवावी लागते.

सागाची दुसरी बाजू न सांगता त्याची खरेदी शिकवणे मला अप्रामाणिक वाटते. १८७८ च्या वन कायद्यानंतर इथली जंगले सरकारी राखीव झाली. लाकडाची सर्वांत जास्त जाण असलेल्या माणसांचा त्या लाकडावरचा हक्क सर्वांत कमी राहिला. झाडे तोडायची वारल्यांनी, ओढून आणायची त्यांनी, आणि मजुरी ठरवायची ठेकेदाराने. मे १९४५ मध्ये आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यात होते. तो लढा शेतापुरता नव्हता. गवत कापण्याचा आणि जंगलात लाकूडतोडीचा दर हाही त्याचा गाभा होता, आणि १९४६ मध्ये जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक वाचलेल्या माणसाला इथली सागाची फळी नुसती फळी वाटणार नाही.

आजचे कायदे याच इतिहासातून आले आहेत. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. साग, खैर, ऐन, बिवळा, तिवस, आंबा, फणस, जांभूळ अशी अनेक झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत, आणि स्वतःच्या शेतातले असले तरी असे झाड परवानगीवाचून तोडता येत नाही. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे, कारण व्यापारी मातीमोलाने साग उचलत असत. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून हा कायदा इथे रोजच्या व्यवहाराचा आहे. तोडलेल्या लाकडावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते आणि ते हलवायला वाहतूक परवाना लागतो. सॉ मिललाही परवाना लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशांनी तो आणखी कडक झाला.

चार फुटांची फळी घेणाऱ्याने हे सगळे का लक्षात ठेवावे? कारण चोरटी तोड, विशेषतः कातासाठी होणारी खैराची तोड, या पट्ट्यात खरोखर होते, आणि तिचा माल लहान गिऱ्हाइकालाच सहज खपतो. रस्त्याकडेला कोणी अर्ध्या भावात ताज्या सागाचे तुकडे देऊ केले तर घेऊ नयेत. परवानाधारक वखारीतून घ्यावे, पक्के बिल घ्यावे आणि ते जपून ठेवावे. तलासरीहून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. उंबरगाव किंवा वापीकडून लाकूड आणणार असाल तर बिल आणि माल एकाच गाडीत असू द्या. आपल्या वाडीतले आंब्याचे झाड पडले असले तरी ते चिरायला नेण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

मग पहिला पाट कशाचा करावा? माझ्या मनातला क्रम असा आहे. सरावासाठी पाइन. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत, उंबरगावला, वापीला यंत्रे आणि माल परदेशी पाइनच्या पेट्यांतून आणि पॅलेटवरून येतो. ते लाकूड नंतर भंगारवाल्यांकडे मिळते. ते मऊ असते, रेषा सरळ असतात आणि बहुतेकदा चांगले वाळलेले असते. घेताना त्यावरचा आंतरराष्ट्रीय शिक्का जरूर पाहावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. त्याला हात लावू नये. रसायनांचे डाग किंवा वास असलेले पॅलेटही नको, त्यावर आपण जेवायला बसणार आहोत.

सराव झाला की शिवण शोधावी. वखारीत ती नेहमी मिळतेच असे नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही. शिवण नसेल तर कळंब. आणि दोन्ही नसतील तर जुना साग. या पट्ट्यातली जुनी कौलारू घरे पाडली जातात तेव्हा वासे, चौकटी, दारांच्या फळ्या निघतात. पन्नास-साठ वर्षे छपराखाली राहिलेले ते लाकूड जेवढे वाळायचे तेवढे वाळलेले असते आणि पुन्हा फारसे फसवत नाही. त्यात फक्त खिळे असतात. प्रत्येक इंच लोहचुंबकाने तपासावा, नाहीतर एकाच झटक्यात रंध्याचे पाते जाते. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि दिसायला देखणे असते, पण त्याला भुंगेरा फार लवकर लागतो. नवशिक्याने ते घ्यायचे तर नीट वाळलेले आणि कीड नसलेलेच घ्यावे. शिसव, ऐन, खैर पुढच्या वर्षांसाठी ठेवावेत. प्लायवूडचा पाट करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्लायवूड वाईट म्हणून नव्हे. त्यातून लाकडाचा स्वभाव शिकता येत नाही म्हणून.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे काम केले त्याची इथे आठवण होते. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले आणि १९५७ मध्ये कोसबाडला आलेले त्यांचे बालशिक्षणाचे काम महागड्या माँटेसरी साधनांवर अडून बसले नाही. परिसरात मिळणारे खडे, पाने, बिया, काड्या घेऊन त्यांनी मुलांना मोजायला, ओळखायला, लावायला शिकवले. जवळ जे आहे ते बारकाईने पाहायला लावणे हे त्या शिक्षणाचे बळ होते. लाकूड शिकणाऱ्यालाही हीच रीत लागू पडते.

वखारीत गेल्यावर फळी कशी पाहायची? ती उजेडात आणावी, हे पहिले. अंधाऱ्या थप्पीतली फळी तिथेच पसंत करू नये. एक टोक जमिनीवर, दुसरे डोळ्यापाशी धरून एक डोळा मिटून कडेवरून पाहावे. बाक आहे का, पीळ आहे का, ते लगेच दिसते. थोडा बाक रंध्याने निघतो, पीळ निघत नाही. पीळ काढता काढता एक इंचाची फळी अर्ध्या इंचावर, म्हणजे चार सुतांवर येते. मग टोक पाहावे. टोकावर वर्तुळांच्या रेषा दिसतात. त्या फळीच्या रुंदीला उभ्या छेदत असतील तर ती फळी सरळ राहील. कमानीसारख्या आडव्या असतील तर ती पुढे वाटीसारखी वळेल. टोकाच्या मध्यावर मऊ भेंड दिसत असेल तर ती फळी नको. तिथून ती फाटणारच. घट्ट, लाकडाशी एकजीव झालेली गाठ चालते. काळी, भोवती फट असलेली गाठ उद्या निघून पडते. टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली आणि फळी आपटल्यावर पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. अशी फळी फुकट मिळाली तरी घरात आणू नये, इतर लाकडालाही ती लागते. हे सगळे पाहायला वेळ लागतो आणि वखारीतला माणूस कधी कधी कंटाळतो. त्याला आधीच सांगावे की शिकतो आहे. त्या धंद्यातली बहुतेक माणसे हे ऐकल्यावर स्वतःच चार गोष्टी दाखवतात.

मापाचा हिशोबही आधी घरी करून जावा. चिरलेले लाकूड घनफुटाने विकले जाते. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचे. दीड फूट लांब, बारा इंच रुंद, एक इंच जाड पाटाला १.५ × १२ × १ ÷ १४४, म्हणजे ०.१२५ घनफूट लागते. खालच्या दोन पायपट्ट्या धरल्या तरी पाव घनफुटाच्या आतच. तुटफूट आणि चुका धरून अर्धा घनफूट घ्यावा, त्याहून जास्त नको. करवतीतून आलेली एक इंची फळी रंधल्यावर पाऊण इंच राहते, म्हणजे सहा सूत, हेही धरून चालावे. गोल ओंडक्याचा हिशोब वेगळा असतो: घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका या रीतीने दहा घनफूट भरतो, प्रत्यक्षात त्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असते. हा फरक कोणी लबाडीने काढलेला नाही; साल, पाठाडे आणि करवतीचा भुसा यात जाणारे लाकूड त्या रीतीने आधीच वजा होते. तरी नवशिक्याने ओंडका घेण्याच्या भानगडीत पडू नये. वनखात्याच्या डेपोतले लिलाव मोठ्या लॉटचे असतात. आपले काम वखारीच्या कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या ढिगात होते, आणि तिथे भावही नरम असतो.

राहिले पाणी, आणि माझ्या मते हाच या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात त्याच्या वाळलेल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असू शकते. ते कमी होत साधारण तीस टक्क्यांच्या खाली गेले की लाकूड आकसू लागते, आणि हे आकसणे रुंदीत होते, लांबीत जवळजवळ होत नाही. ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याभोवती साल आणि पांढरे लाकूड छेदून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळवत, कारण ओला साग नदीत तरंगत नाही. आपल्याला एवढे थांबायचे नाही, पण थांबायचे आहे. लाकूड पूर्ण वाळले तरी हवेबरोबर ते श्वास घेतच राहते. मे महिन्यात तलासरीच्या कोरड्या उन्हात फळीतले पाणी बारा टक्क्यांपर्यंत उतरते. जुलैत बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या घरात तीच फळी अठरा टक्क्यांवर जाते. या सहा टक्क्यांनी बारा इंची सागाची फळी साधारण तीन मिलिमीटर रुंद होते. म्हणून पाटाच्या पायपट्ट्या फळीला आडव्या घट्ट चिकटवल्या तर पावसाळ्यात फळी त्यांना जुमानत नाही आणि उन्हाळ्यात मधोमध चिरते. चांगल्या जुन्या पाटांत पट्ट्या तिरक्या कडांच्या खाचेत सरकवून बसवलेल्या असतात, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. बारा इंची एक फळी घेण्यापेक्षा सहा इंची दोन जोडणेही शहाणपणाचे. किनाऱ्याजवळ साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि सागासारख्या लाकडात काळे डाग पाडतात. तिथे पितळी घ्यावेत.

फळी घरी आल्यावर लगेच कापायला घेऊ नका. दोन्ही टोकांना तेलरंगाचा जाड हात द्या. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जाते आणि भेगा तिथूनच सुरू होतात. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून वितभर वर, दर दीड फुटावर सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांच्यावर फळ्या रचा आणि वर वजन ठेवा. ओटीवर चालेल, गच्चीवर उन्हात चालणार नाही. त्याच लाकडाचा एक लहान तुकडा शेजारी ठेवा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहा. पावसाळ्यात आकडे वरखाली होतील, त्यांच्यावर विसंबू नका. दसऱ्यानंतर हवा कोरडी होऊ लागली की वजन उतरत जाईल. ते तीन-चार आठवडे एकाच ठिकाणी थांबले, की रंधा काढा.